आयर्विनचे फूट आणि रात्रीची झोप : एका पावसाळ्यातल्या कामाच्या नोंदी

१८ मे

काम काय आहे ते आधी लिहिते. सांगलीत गावभागात आमचं घर, आणि घराखालीच मॅचिंग सेंटर. २००५ च्या पुराचं पाणी सासऱ्यांनी निस्तरलं, २०१९ आणि २०२१ चं आम्ही. दुकान तिन्ही वेळा उभं राहिलं. माझं मात्र दर पावसाळ्यात काहीतरी बिनसतं. जुलै लागला की झोप उडते, छातीत धडधडतं, पोट बिघडतं, अस्तराच्या शेडवरून गिऱ्हाइकाशी खटके उडतात, आणि रात्रभर फोनवर पाण्याची पातळी बघणं चालतं. सप्टेंबरात आपोआप कमी होतं, म्हणून दरवर्षी 'आता कशाला, पावसाळा संपलाच की' म्हणून ढकललं जातं.

यंदा उन्हाळ्यातच हात घालते आहे. आमच्यासारखे पूरपट्ट्यातले पुष्कळ जण असेच जागत असणार, त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. काय केलं, किती खर्च आला, काय बोंबललं, एवढंच लिहीन.

२१ मे

पहिलं काम टेपचं. दुकानातल्या खांबावर, कॅलेंडरच्या मागे, २०१९ ची खूण अजून आहे. भिंतीला दोनदा रंग दिला, पण खांबाचा तेवढा भाग रंगाऱ्याला रंगवू दिला नव्हता. गाळाची फिकट तपकिरी रेघ, वरच्या बाजूला जरा गडद, आणि तिला चिकटलेला लाल दोऱ्याचा एक तुकडा. रुबियाचे ताके भिजून फुगले होते, त्यातलाच असणार. फरशीपासून रेघेपर्यंत मोजलं तर नऊ फूट भरलं. छताला हातभर कमी.

सांगलीतली कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. २०१९ ला तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यातून नऊ वजा केले तर ४८. म्हणजे आयर्विनला साधारण ४८ फूट झाले की आमच्या फरशीला पाणी लागतं. शटरच्या चौकटीवर २०२१ ची खूण आहे, तिनंही पडताळून पाहिलं. आकडा जवळपास तोच आला.

इतकी वर्षं मी ३० फुटांना घाबरत होते. ३० आणि ४८ मध्ये अठरा फूट आहेत हे कधी कागदावर मांडलंच नव्हतं.

याच मोजमापात दुसरी गोष्ट कळली. आमचा पोटमाळा सात फुटांवर आहे. दर जुलैत आम्ही जीव खाऊन माल माळ्यावर चढवतो आणि मग 'चला, एक काम झालं' म्हणून हुश्श करतो. मोठा पूर आला तर माळ्यासकट सगळं पाण्यात. २०१९ ला तेच झालं होतं, तरी २०२१ ला पुन्हा माळाच भरला. घाबरलेलं माणूस सवयीचंच काम करतं, उपयोगाचं करेलच असं नाही.

२६ मे

कोणत्या फुटाला काय करायचं ते ठरवून टाकलं. घरातले तिघंही बसलो होतो. उन्हाळ्याची दुपार, डोक्यावर पंखा, पुढ्यात पन्हं. असल्या वेळी माणूस शहाण्यासारखं बोलतं. जे ठरलं ते असं:

३० पर्यंत काहीही करायचं नाही. पातळीवर चर्चासुद्धा नाही.
३५ ला खालच्या दोन फळ्यांवरचा माल क्रेटमध्ये.
४० ला, म्हणजे इशारा पातळीला, सगळा माल वरच्या मागच्या खोलीत. आई (माझ्या सासूबाई) विश्रामबागला नणंदेकडे.
४३ ला आम्ही दोघंही तिकडे. कागदपत्रं, गल्ला, आईंची औषधं एका पिशवीत.
४५, म्हणजे धोका पातळी, व्हायच्या आत मेन स्विच बंद आणि दाराला कुलूप.

धोका पातळीच्या आत बाहेर पडायचं, याला आमचे हे तयार नव्हते. "वर राहू की, एवढं काय!" २०१९ ला आम्ही वरच राहिलो होतो. वीज नाही, प्यायला पाणी नाही, जिन्याची शेवटची पायरी तेवढी कोरडी, आणि आईंना शेवटी बोटीतून उतरवावं लागलं. मी बोलले नाही. आईच म्हणाल्या, "मी त्या बोटीत पुन्हा बसणार नाही. ४० म्हणजे ४०." विषय संपला.

खर्च: जुने भाजीचे क्रेट २० नग, मार्केट यार्डाजवळून, ₹३,६००. वरच्या खोलीसाठी लोखंडी अँगलचा रॅक, ₹७,८००. ओळखीच्या टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवलं, तो आगाऊ काही घेत नाही.

५ जून

फोन. हे सगळ्यांत अवघड काम असणार हे माहीत होतं.

माझ्या फोनवर पातळीचे ग्रुप इतके होते की एकच आकडा वेगवेगळ्या दहा जणांकडून, वेगवेगळ्या वेळी यायचा. सकाळचा ३१ रात्री कुणीतरी पुन्हा टाकायचं आणि मी धसकायचे. शिवाय 'कोयना फुटली' छाप आवाजाच्या क्लिपा. त्या दरवर्षी त्याच असतात, मी दरवर्षी ऐकते.

सगळे ग्रुप एका झटक्यात सोडले. दोन दिवसांत अंगाशी आलं. माहेरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडले होते (तिथेही पातळीच येते), तर भाऊ रुसला, वहिनीचा फोन, "आमचं काही चुकलं का, वन्सं?" परत गेले. आता सोडण्याऐवजी म्यूट केलेत आणि आर्काइव्हमध्ये टाकलेत. प्रशासनाकडून येणारं पातळीचं एकच पत्रक ठेवलं. बघायचं दिवसातून दोनदा, सकाळी दुकान उघडल्यावर आणि संध्याकाळी सहाला. ३५ च्या पुढे गेलं तर तीनदा. हेही कागदावर लिहून गल्ल्याच्या आत चिकटवलंय.

रात्री फोन खाली दुकानात, चार्जिंगला. उशाशी गजराचं घड्याळ, ₹३५०. त्याची टिकटिक पहिल्या रात्री असह्य झाली, म्हणून टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं.

१२ जून

झोपेचं काम सुरू केलं. पाऊस अजून नावाला आहे, पण झोप आत्ताच गेलीय. नियम थोडेच: किती वाजता झोप लागली तरी उठायचं साडेपाचलाच, दुपारी आडवं व्हायचं नाही, आणि अंथरुणात वीसेक मिनिटं (अंदाजानं, घड्याळ न बघता) तळमळत असेन तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. डोळे जड झाले की परत.

उठून काय करायचं हे मी चुकीचं निवडलं होतं. हिशेबाची वही घेतली, उधारीची बेरीज करता करता टक्क जागी. आता त्या वेळेसाठी फॉलचे गठ्ठे वर आणून ठेवलेत. मोरपंखी, रामा, बॉटल ग्रीन, मेंदी असे शेडनुसार लावायचे. मंद दिव्यात ते रंग एकमेकांत मिसळतात आणि डोकं आपसूक कंटाळतं. ज्याचा कंटाळा येतो तेच काम घ्यायचं.

चहा. यात माझा बळी गेलाय. चहातलं कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, आणि मी साडेसातला दुकान आवरताना कटिंग घेणारी. शेवटचा चहा चारला केला. चहावाला पोरगा ऐकत नाही, सवयीनं ग्लास ठेवून जातो. तो आता शेजारच्या भांड्यांच्या दुकानात सरकवते.

१७ जून

श्वासाचा व्यायाम. यात पूर्ण आठवडा वाया गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

धडधड सुरू झाली की 'खोल श्वास घ्या' असं सगळेच सांगतात. मी छाती भरून, भराभर, खोल श्वास घेत होते. त्यानं चक्कर आली, ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी होतायत असं वाटलं. हार्ट अटॅक आला म्हणून यांना उठवलं. इसीजी काढला, नॉर्मल. ₹३०० गेले आणि रात्र गेली ती वेगळीच.

इसीजी काढणाऱ्या डॉक्टरांनी समजावलं. घाबरल्यावर आपण आधीच जास्त श्वास घेत असतो. त्यात आणखी भर घातली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. घेणं कमी, सोडणं जास्त. तेव्हापासून नाकानं तीन मोजेपर्यंत साधा श्वास घेते आणि सहा मोजेपर्यंत ओठ किंचित मिटून हळूहळू सोडते. पोट हललं पाहिजे, खांदे नाहीत. आणि सराव बऱ्या वेळी करायचा, दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना. घाबरल्यावरच पहिल्यांदा करून बघितलं तर जमत नाही.

२२ जून

चिंतेची वही. आधी रात्री झोपताना लिहीत होते. भयंकर. दिवसभर ज्याची आठवण नव्हती तेही वर यायचं. वेळ बदलून दुपारी साडेचार केली. पंधरा मिनिटं, काउंटरवर बसून, रोजमेळाच्या मागच्या पानांवर. रात्री काही डोक्यात आलं तर 'उद्या साडेचारला' एवढंच मनाशी म्हणायचं. सुरुवातीला हसू यायचं, पण उधारी मागायला आलेल्या माणसाला तारीख दिली की तो तेवढ्यापुरता तरी जातो, तसंच हे.

प्रत्येक चिंतेपुढे मी एक रिकामी जागा सोडते. आठवड्यानं परत येऊन तिथे लिहायचं: झालं, की नाही झालं. 'मुलाची नोकरी जाईल' : नाही. 'आईंचा बीपी वाढेल' : वाढला, गोळी बदलली, उतरला. 'कर्नाळ रोड बंद होईल, माल अडकेल' : पाऊसच नाही.

२७ जून

एवढं सगळं करूनही रात्री तीनला जाग येतेच. सकाळी उलटीची भावना. मोजूनमापून केलेल्या कामाला यश येत नाही म्हटल्यावर जास्तच खचायला झालं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या २०१९ च्या स्ट्रिपमधल्या झोपेच्या दोन गोळ्या देऊ केल्या. तारीख बघितली, केव्हाच उलटून गेली होती. नको म्हटलं.

रात्री १४४१६ ला फोन लावला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं दोन वाक्यांत बोळवण करतील. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. किती दिवस चाललंय, जेवण कसं आहे, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का, हेही सरळ विचारलं. येत नाही, तसं सांगितलं. मग म्हणाल्या, घरच्या घरी करताय ते चालू ठेवा, पण दर वर्षी महिनोन् महिने असं होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सिव्हिललाही सोय असते, खासगीत गेलात तरी चालेल.

हे यांना सांगितल्यावर पहिलं वाक्य, "अगं, तू काय वेडी आहेस का?" दुसरं, जरा वेळानं, "कधी जायचं?"

१ जुलै

मिरजेला गेले. सांगलीत ओळखीचं कोणी भेटेल म्हणून मुद्दाम मिरज निवडलं. वेटिंगमध्ये शेजारच्या खुर्चीवर माझंच कायमचं गिऱ्हाईक. दोघी दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसलो. मग त्या म्हणाल्या, "त्या वांगी कलरच्या पैठणीला अस्तर मिळेल का हो?" मी म्हटलं, मिळेल. नंबर येईपर्यंत आमच्या पैठणीवरच गप्पा.

डॉक्टरांनी एक कागद भरायला दिला. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण २१. चिंता किती आहे ते मोजायचा कागद, जीएडी-७ म्हणतात त्याला. दहा किंवा पुढे गेलं तर नीट तपासायचं असतं. माझे १६ आले. थायरॉइड आणि बी-१२ च्या चाचण्या सांगितल्या, कारण थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते. दोन्ही ठीक निघालं.

एसएसआरआय गटातली (चिंतेवर, नैराश्यावर देतात ती) एक गोळी सुरू केली. डॉक्टरांनी आधीच बजावलं: पहिले काही दिवस मळमळेल, कदाचित जरा जास्तच अस्वस्थ वाटेल, आणि खरा फरक दिसायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतील. मनानं बंद करायची नाही. झोपेसाठी वेगळी गोळी अगदी थोडे दिवस. तिची सवय लागते म्हणून मोजूनच दिल्या. मी सांगितलेले झोपेचे नियम त्यांनी ऐकले आणि म्हणाले, हेच चालू ठेवा, औषधानं हे करायला बळ येईल.

खर्च: फी ₹७००, चाचण्या ₹९५०, गोळ्या महिन्याच्या ₹४०० च्या आसपास.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी: हे एप्रिलमध्ये करा. मी जुलैत गोळी सुरू केली, म्हणजे तिचा गुण यायला आणि पाणी यायला एकच गाठ पडणार.

८ जुलै

मळमळ आहे. गोळी रात्रीऐवजी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितलं, त्यानं बरं आहे. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१९ जुलै

पाऊस. कोयनेच्या पाणलोटात जोर आहे. चौकात पानपट्टीवर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पाणी तुंबतं का, त्याची ५१९.६० मीटरची पातळी, सगळं सुरू झालंय. घरात रात्री नवानंतर अलमट्टीवर बोलायला बंदी घातली. यांना ती फार जड जातेय.

एक गोष्ट या वेळी नीट बसून समजून घेतली. कोयना १०५.२५ टीएमसीचं (म्हणजे तेवढे अब्ज घनफूट पाणी मावणारं) धरण. त्याचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की माझ्या पोटात गोळा यायचा, जणू ते पाणी आत्ता दारात येणार. ते आधी कऱ्हाड, मग बहे, ताकारी, भिलवडी असं करत सांगलीत येतं, आणि या प्रत्येक पुलाची पातळी त्या पत्रकात ओळीनं दिलेली असते. भिलवडीचा आकडा चढायला लागल्याशिवाय आयर्विनच्या आकड्याची धास्ती घ्यायची नाही, असं ठरवलंय. संध्याकाळच्या एका नजरेत दोन्ही आकडे दिसतात.

२३ जुलै

पस्तीस ओलांडले. यादीप्रमाणे खालच्या दोन फळ्या रिकाम्या. काम करताना हात थरथरत नव्हते, हे मला संपल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी सहाला फोनऐवजी प्रत्यक्ष घाटावर जाऊन आले. १९२९ चा तो पूल, खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे, खालचे गढूळ पाण्याखाली गेलेले. तिथे बघ्यांची हीऽऽ गर्दी. कोणी व्हिडिओ कॉलवर दुबईतल्या भावाला पाणी दाखवतंय, एक आजोबा भडंगाची पुडी हातात घेऊन २००५ सांगतायत. जलपर्णीचा एक मोठा पुंजका वाहत आला आणि खांबाला अडकून गोल गोल फिरत राहिला. मी खांबावरचा आकडा वाचला आणि घरी आले. फोनवरच्या आकड्यापेक्षा हा आकडा लहान वाटतो. तिथे नदी दिसते, काठ दिसतो, काठावरची माणसं दिसतात.

२५ जुलै

आता खरी अडचण. रात्री फोन दुकानात ठेवायचा म्हणते, पण पाणी खरंच झपाट्यानं चढलं तर? डोळे मिटून बसणं म्हणजे काही मन सांभाळणं नव्हे. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातल्या लोकांना तर हा चोचला परवडणारच नाही, त्यांच्याकडे पाणी आमच्या कितीतरी आधी येतं.

गल्लीतल्या चार घरांनी मिळून पहारा लावला. रात्री एकाच घरातलं एक माणूस जागं, दर दोन तासांनी पातळी बघणार. ठरलेल्या आकड्यावर गेली तरच बाकीच्या तिघांना फोन, आणि मेसेज नाही, फोनच. बाकीच्यांनी झोपायचं. फोनमध्ये त्या घरांच्याच नंबरांना रिंग वाजायची मुभा, बाकी सगळं गप्प. असं केल्यावर फोन पुन्हा वर आणला, पण खोलीबाहेर ठेवला.

पहिली रात्र फुकट गेली. पहाऱ्यावर भांडीवाल्यांचा मुलगा होता. तो झोपला तर, या विचारानं मीच जागी, आणि एकदा उठून त्याला फोन केला. "काकू, मी जागाच आहे. तुम्ही झोपा बरं." तोंड लपवायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी मग नियमात भर घातली: पहाऱ्यावरच्या माणसानं दोनला आणि चारला गल्लीतल्या दिव्याखाली शिट्टी वाजवायची. शिट्टी आली की तो जागा आहे. जुन्या गुरख्याची पद्धत, पण मला तीच लागू पडली. दोनची शिट्टी ऐकली, चारची ऐकल्याचं आठवत नाही.

२६ जुलै

चाळीसला टेकलं. आई विश्रामबागला. रिक्षात बसेपर्यंत त्या ठीक होत्या. पुष्पराज चौकाच्या पुढे गेल्यावर माझा हात धरला आणि २०१९ च्या बोटीचं बोलायला लागल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा. बोटीत चढताना त्यांची एक चप्पल पाण्यात पडली, ती काढायला त्या वाकल्या आणि जवान ओरडला. "एवढ्या लोकांदेखत ओरडला गं. मी काय लहान आहे?" मला वाटत होतं त्यांना पाण्याची भीती बसलीय. त्यांना लागला होता तो अपमान. मी काही बोलले नाही, नुसतं ऐकलं. रिक्षावाल्यानं मीटर बंद करून गाडी कडेला घेतली आणि तोही ऐकत बसला.

दुपारी माल वर. वरच्या रॅकचा एक अँगल वजनानं वाकला, नट घट्ट बसले नव्हते. दोन क्रेट कोसळले, टू बाय टूचे ताके जमिनीवर. संध्याकाळ त्यात गेली. रॅक लावल्या दिवशीच पूर्ण वजन टाकून बघा.

२९ जुलै

उतार. त्रेचाळीसपर्यंत गेलंच नाही.

४ ऑगस्ट

याची कोणी कल्पना दिली नव्हती. पाणी उतरलं, माल खाली आला, आई घरी आल्या, आणि मी कोसळले. सकाळी उठवेना. काउंटरवर रडू येतंय, कारण नाही. यंदा काही बुडालं नाही तरी हे का, म्हणून स्वतःचाच राग.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, इतके दिवस शरीर ताणावर चाललं होतं, ते सैल झाल्यावर असं होऊ शकतं. गोळी तीच. पण घरात पडून राहू नका, बरं वाटण्याची वाट न बघता ठरलेलं एक छोटं काम रोज करा. मी निवडलं ते सकाळी आमराईत चालणं. एकटीनं होईना. मग मिरजेच्या वेटिंगमधल्या त्या बाईंना विचारलं. त्या तयारच होत्या. आता दोघी जातो. आजाराबद्दल फार बोलत नाही, सुना आणि साड्या पुरतात.

२५ ऑगस्ट

श्रावणाची गडबड. झोप साडेपाच-सहा तास लागतेय, मध्ये एकदाच जाग. चहा चारचा पाचवर सरकला होता, परत मागे आणला.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपतीचा सीझन. रात्री दहापर्यंत दुकान, उभ्यानं जेवण, चिंतेची वही आठवडाभर बंद. काही बिघडलं नाही. सगळे नियम सगळ्या दिवसांत पाळले गेलेच पाहिजेत असं नाही दिसत. उठायची वेळ मात्र मोडली नाही, ती मोडली की सगळंच हातातून जातं असा माझा अनुभव.

तपासणीला गेले. तोच सात प्रश्नांचा कागद, या वेळी ६. डॉक्टर म्हणाले, आता बरं वाटतंय म्हणून गोळी थांबवू नका, अजून काही महिने घ्यायची, आणि बंद करायची तेव्हा हळूहळू कमी करत.

३ ऑक्टोबर

एकूण खर्च काढला: क्रेट, रॅक (दुरुस्तीसह), घड्याळ, इसीजी, डॉक्टर, चाचण्या, गोळ्या मिळून ₹१६,००० च्या आतबाहेर. त्यातला मोठा भाग क्रेट-रॅकचा, तो पुढच्या वर्षी नाही.

काय उपयोगी पडलं नाही तेही लिहून ठेवते. ध्यानाचं एक ॲप, त्यातल्या बाईंचा आवाज ऐकून मलाच चिडायला व्हायचं. जायफळाचं दूध, छान लागतं, एवढंच. आणि 'सकारात्मक विचार कर' हा सल्ला, जो बहुतेक कोरड्या भागात राहणाऱ्यांकडून आला.

पलीकडच्या गल्लीतल्या दोघांनी आमच्या फुटांच्या यादीचा फोटो मागितला. दिला नाही, मुद्दाम. आमचा ४८ त्यांचा ४८ नाही. त्यांची फरशी आमच्यापेक्षा खाली आहे, त्यांच्याकडे पाणी आधी येणार. माझी यादी भिंतीला लावून ते निवांत झोपले तर ते धोक्याचं. टेप घेऊन त्यांच्या दुकानात गेले, खूण शोधली, मोजली, वजाबाकी करून दिली. एकाचा ४६ आला. दुसऱ्यानं नवीन टाइल्स बसवताना खूण पुसून टाकलीय, त्याच्यासाठी आता शेजारच्या भिंतीवर शोधतोय.

राहिलेली कामं: रॅकला आडवे तिरपे पट्टे मारून घेणे. क्रेटवरची चिकटपट्टीची लेबलं गळून पडली, कायमच्या मार्करनं लिहिणे. पहाऱ्यासाठी पाचवं घर मिळतं का बघणे, कारण भांडीवाल्यांचा मुलगा पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाणार. डॉक्टरांची पुढची तारीख डिसेंबर.